मैनेचा चौथा सड

२७ ऑगस्ट

ही डायरी आदितीनं दिली. आदिती म्हणजे माझ्या भावाची पोरगी. कोल्हापुरात विद्यापीठात गाईच्या दुधावर काहीतरी संशोधन करते. "आत्या, रोज नको, मनात येईल तेव्हा लिही," म्हणाली. मनात यायला इथं काय तोटा आहे? लिहायला बसलं की शाळेतल्या बाई आठवतात म्हणून जरा शुद्ध लिहिते. राग आला की ते सुटतं, त्याला इलाज नाही.

उद्यापासून दशलक्षण पर्व. दहा दिवस, रोज एक धर्म. गेल्या वर्षी समोरच्या ऐश्वर्यानं दहाच्या दहा उपवास केले आणि बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, सगळा मान तिचा झाला. मला साखर आहे, उपवास झेपत नाहीत. म्हणून मी यंदा वेगळंच व्रत काढलंय. दहा दिवस आमच्या मैनेची संध्याकाळची धार काढायची नाही. संध्याकाळचं दूध तिच्या वासराचं. असं व्रत आमच्या बस्तीत आजवर कुणी केलेलं नाही. मी विचारून घेतलं.

शेवंताबाईला सांगितलं, दहा दिवस फक्त सकाळी ये. ती आमच्या गोठ्यात धार काढते, माझे गुडघे दुखायला लागायच्या आधीपासून. "बरं अक्का," म्हणाली आणि कोनाड्यातला कप काढून चहाला थांबली. तिचा कप गोठ्याच्या कोनाड्यातच असतो, तिला तिथं बरा पडतो.

आमचे हे मात्र म्हणाले, "दोन टायमाची गाय हाय. कास तटंल की गं तिची."

म्हटलं, पुण्याच्या कामात तंगडं घालू नका.

२९ ऑगस्ट

काल उत्तम क्षमा, आज उत्तम मार्दव. मार्दव म्हणजे गर्व नको. पंडितजी फार छान बोलले. मग त्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. दया कशी असते ते पद्मावतीअक्कांकडं बघून शिका, म्हणाले. ऐश्वर्या खाली मान घालून बसली होती.

संध्याकाळी पाचलाच जेवून घेतलं, वासराला मैनेपाशी सोडलं आणि बस्तीला निघाले. वासरू पेंडीचं पोतं हुंगत उभं होतं. जनावरालाही आधी लाजच वाटणार. पिईल सावकाश.

१ सप्टेंबर

मैना रात्रभर हंबरली. हे म्हणतात, "कास तटलीया." मी म्हणते, माया आहे ती, वासराला हाक मारते. ह्यांना सगळ्यात खोट दिसते.

सकाळी गोठ्यात तिच्या बुडाखाली दूध सांडलेलं दिसलं. वासराच्या तोंडून गळलं असणार. शेवंताबाईनं फरशी धुतली आणि म्हणाली, "आज कास लई कडक हाय अक्का." म्हटलं, पर्व संपेस्तोवर धीर धर.

आज उत्तम सत्य होता.

६ सप्टेंबर

पर्व पार पडलं. बस्तीत दहा उपवासवाल्यांबरोबर मलाही शाल आणि नारळ दिला. फोटोत मी मध्ये आहे. घरी आल्यावर शाल घडी करून ठेवली, परत उघडली, परत घडी केली. कुणी बघत नव्हतं म्हणून लिहितेय.

८ सप्टेंबर

आज क्षमावाणी. वर्षभरात कुणाला दुखावलं असेल त्याची आज क्षमा मागायची, लहान असो की मोठं, असा आमचा रिवाज. पूर्वी घरोघरी जाऊन हात जोडत. आता फोनवर होतं. निरोप मीच रचला: "मनाने, वाणीने, देहाने, कळत नकळत आपलं मन दुखावलं असेल तर मी हात जोडून क्षमा मागते. पद्मावती आप्पासो मगदूम." फोनमध्ये जेवढी नावं होती तेवढ्यांना एका दणक्यात पाठवला. गॅसवाला, डॉक्टर, शेवंताबाईची सोनम, सगळ्यांना. मन अगदी हलकं झालं.

संध्याकाळची धार आजपासून परत सुरू.

१२ सप्टेंबर

मैनेचं दूध वाढेना. सकाळचं कमी, संध्याकाळचं तर निम्मं. पेंड तीच, वैरण तीच, उलट मी वरून मक्याचा भरडा घालतेय. मग दूध जातंय कुठं? ह्यांना विचारलं तर म्हणतात, "आटलं असंल." अशी कशी आटेल? अजून या वेताला चार महिनेसुद्धा झाले नाहीत.

मी आज ओसरीवरून बघत बसले होते. शेवंताबाई धार काढून किटली घेऊन दूध संस्थेकडं गेली, ती शाळेच्या बोळानं. सरळ रस्ता सोडून बोळानं कशाला? बोळाच्या टोकाला त्यांची गल्ली.

मनात आलं ते लिहिलं. आदितीच म्हणाली होती.

१३ सप्टेंबर

आज बोलले. संस्थेतच बोलले. किटल्या घेऊन अख्खी रांग उभी होती. सचिव हंबीरराव दुधाचं माप घेत होता. तो म्हणाला, "काकी, मैना लई उतरली की ओ." झालं. माझं डोकंच फिरलं. शेवंताबाई पुढ्यातच होती. म्हटलं, "उतरायला काय झालंय? वाटेत पाय फुटत्यात दुधाला. तुमच्या गल्लीत चहा बरा दाट झालाय म्हणं हल्ली!"

कुणीतरी हसलं. रांगेतली सगळी तोंडं वळली.

शेवंताबाईनं किटली खाली ठेवली. म्हणाली, "अक्का, घोटभर घेतलं न्हाय कवा." एवढंच. पदर नीट केला आणि सरळ रस्त्यानं निघून गेली.

बरं झालं बोलले. आतल्या आत कुढत बसण्यापेक्षा बरं. चोराला चोर म्हणायला कुणाच्या बापाची भीती?

जेवण गेलं नाही. पित्त झालं असेल.

१४ सप्टेंबर

शेवंताबाई आली नाही. मला वाटलेलंच होतं.

दुपारी फोन वाजला. सोनमचा निरोप. ही शेवंताबाईची थोरली, गडहिंग्लजला दवाखान्यात नर्स आहे, सुट्टीला येते पोरीला घेऊन. वाटलं, भांडणार आता. उघडून बघते तर माझाच निरोप. मनाने, वाणीने, देहाने. खाली माझंच नाव. तिनं वर एक अक्षर लिहिलं नव्हतं, खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं. नुसता मला परत पाठवला होता.

चार वेळा वाचला. पुसून टाकावा म्हटलं तर हात होईना.

संध्याकाळी धार काढायला मीच बसले. गुडघा वाकेना, मग पाटावर पाट ठेवला. मैनेनं मागच्या उजव्या, चौथ्या सडाला हात लावू दिला नाही, लाथ मारली. बघितलं तर सड सुजलेला, कासेचा तो कोपरा दगडागत.

१६ सप्टेंबर

जनावरांचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. सूज उतरेल म्हणाले, दुधाचं बघू. त्यांनी विचारलं, "मध्ये धारा चुकवल्या का हो?" मी म्हटलं, छे. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि उठून बाहेर गेले.

आदितीला फोन केला. गाय दूध देत नाही, तुझं शास्त्र काय म्हणतं सांग. रविवारी येते म्हणाली.

२१ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतंय, म्हणूनच लिहितेय.

आदिती सकाळच्या एसटीनं आली. गोठ्यात शिरल्या शिरल्या तिनं विचारलं, "शेवंतामावशी कुठाय?" मी म्हणाले, पाहुण्यांकडं गेलीय. तोंडातून असं सरळ आलं की माझं मलाच नवल वाटलं.

तिनं चारी सडांचं दूध वेगवेगळ्या नळ्यांत घेतलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं. मग पोलिसागत एकेक विचारत सुटली. खाणं काय, पाणी काय, धारेच्या वेळा काय. वेळांपाशी आले आणि मी व्रताचं सांगितलं. जरा तोऱ्यातच सांगितलं. शालीचंही सांगितलं.

तिनं डबा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आत्या, वासरू पीत होतं हे तू बघितलंस?"

"सोडून तर जायची की रोज."

"पीत होतं का?"

तिनं उठून वासराला मैनेपाशी आणलं, तोंड सडाला लावलं. त्यानं तोंड फिरवलं आणि तिच्या ओढणीचं टोक चघळायला लागलं. परत लावलं, परत तेच. हे वासरू जन्मल्यापासून बाटलीवर वाढलंय. आम्हीच तोडलं होतं त्याला आईपासून, दूध जास्त मिळावं म्हणून. त्याला सड म्हणजे काय ते ठाऊकच नाही. आणि हे मला ठाऊक होतं. बाटली मीच धरत होते की!

म्हणजे दहा दिवस ते दूध ना माझ्या पोटात गेलं ना वासराच्या. मैनेच्या कासेतच तुंबलं. ती रात्रभर ओरडत होती आणि मी पुढच्या रांगेत बसून दया कशी असते ते ऐकत होते.

आदितीनं मग समजावलं. मला कळलं तसं लिहिते. कासेच्या प्रत्येक पेशीत दूध कसं करायचं ते लिहिलेलं असतं, त्याला जनुक म्हणतात. मैनेच्या पेशीत ते आहेच, कुठं गेलेलं नाही. पण दूध बाहेर जातच नाही म्हटल्यावर पेशी म्हणते, मग करू कशाला? त्या लिहिलेल्यावर बारीक बारीक चिकट्या बसतात, मिथाइल म्हणतात त्यांना. पुस्तकाची पानं डिंकानं चिकटली की कसं? अक्षर तिथंच असतं, वाचता येत नाही. सूज आली तर चिकट्या आणखी बसतात. ह्या विद्येला एपिजेनेटिक्स की काय म्हणतात. तिचा सगळा अभ्यास त्याचाच आहे.

"म्हणजे दूध कमी झालं ते..."

"तुंबल्यामुळं असणार, आत्या. तपासून सांगते. एका गाईवरून शास्त्र होत नाही. पण दूध कुणी नेलं असतं तर कास अशी झाली नसती."

 तेवढ्यात हे वैरणीचा भारा टाकत म्हणाले, "तुझ्या आत्यानं शेवंताला भर संस्थेत चोर म्हणून टाकलंय. पाहुण्यांकडं बिहुण्यांकडं कोण गेलेलं न्हाय."

आदितीनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी भांडले असते. तिनं पटकन नजर काढून घेतली, जसं कुणाचं लुगडं सुटलं तर आपण नजर वळवतो.

जेवायला थांबली नाही. दुपारच्याच गाडीनं गेली.

२४ सप्टेंबर

रोज ठरवते, आज जाते शेवंताबाईकडं. रोज काहीतरी निघतं. काल पाऊस. आज सांधे. खरं म्हणजे लाज वाटते, दुसरं काही नाही. मनात असंही आलं की आता क्षमावाणी पुढच्या वर्षी येईलच, तेव्हा सगळ्यांबरोबर तिचीही मागता येईल, गर्दीत. हे मनात आलं आणि माझीच मला किळस आली.

दोन्ही वेळच्या धारा मीच काढते. बोटं सुजलीत. चौथ्या सडाची सूज गेली, पण दूध नाही. पिळला तर दोन थेंब.

२९ सप्टेंबर

आदितीचा फोन. तिनं नळ्यांतल्या पेशी तपासल्या. चौथ्या सडातल्या दुधाच्या जनुकावर बाकीच्या तिघांपेक्षा चिकट्या जास्त आहेत. एकच गाय आहे, पक्कं म्हणत नाही, पण तिला जे वाटलं होतं तसंच दिसतंय.

"उघडेल का गं परत?"

"बाकीचे तीन सुधारतील हळूहळू. चौथ्याचं पुढच्या वेताला कळेल. कधी उघडतं, कधी नाही."

फोन ठेवताना म्हणाली, "आत्या, गेलीस का तू?"

म्हटलं, दसऱ्याला जाणारच आहे.

२ ऑक्टोबर

दसरा मी मुद्दाम धरला होता. आपट्याचं पान हातावर ठेवायचं, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा म्हणायचं, झालं. 'चुकलं' म्हणायची पाळी येत नाही. सणाच्या आडून सगळं भागतं.

त्यांच्या गल्लीत मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेले. घर सापडेना, विचारत गेले. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. शेवंताबाईपण पांढऱ्या साडीत. मी पान पुढं केलं. ती म्हणाली, "आमच्यात आज धम्मचक्र प्रवर्तन दिन असतोय अक्का. विहारातनं आत्ताच आलो. बसा." पान घेतलं, बुद्धाच्या फोटोपाशी ठेवलं. टाकलं नाही.

सोनम आत चहा ठेवायला लागली. मी म्हणाले, "नको गं, दिवस मावळला. मावळल्यावर मी काही घेत नाही."

सोनमनं भिंतीकडं बोट केलं. "काकी, ऊन हाय अजून."

ऊन होतंच. चांगलं हातभर.

कपाटातून नवा कप काढला माझ्यासाठी, बशीसकट. चहा कोरा. मला वाटलं, माझ्यापुरताच. मग बघितलं तर सगळ्यांचाच कोरा. सोनमची चार वर्षांची पोरगी त्याच कोऱ्या चहात खारी बुडवून खात होती.

मी विचारलं, "दूध संपलं काय गं?"

शेवंताबाई म्हणाली, "घेत न्हाई आता. त्या दिसापास्नं गावातलं दूध घरात आणलं न्हाय. आणलं तर लोक म्हणायचं, बघा."

मी घोट घेतला. तो कडू नव्हता, गोडच होता. तेव्हा कुठं तोंडातून आलं, "शेवंता, माझं चुकलं. दूध कुणी नेलं नाही. माझ्या व्रतानंच आटलं." चिकट्यांचंही सांगायला लागले, आदिती काय म्हणाली ते. ती ऐकत होती. मैनेच्या चौथ्या सडाचं सांगितलं तेव्हा मात्र तिनं तोंडावर पदर धरला. "आई गं! तो तिचा सगळ्यात मोकळा सड व्हता."

मी म्हणाले, "उद्यापासून ये."

"संस्थेत बोललासा, अन् पुसायला घरात आलासा व्हय?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी आता बागायतदारांच्या मळ्यात जातीया भांगलायला."

सोनम दारापर्यंत आली. म्हणाली, "काकी, चोर म्हणालात ते आई विसरंल एकवेळ. 'तुमच्या गल्लीत' म्हणालात. गल्लीनं काय केलतं तुमचं?"

मला वाटत होतं चोरीचंच लागलंय. मी तर बोलण्याच्या ओघात गल्ली म्हणाले होते. वाटेत आठवत आले, आमच्या गल्लीला मी कधी 'आमच्या गल्लीत' असं म्हणते का, त्या आवाजात?

घरी आल्यावर गोठ्यात गेले. तिचा कप कोनाड्यात तसाच होता, आत कोळ्याचं जाळं. घरात नेला, घासला, पुसला. मग हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. फळीवर आमच्या कपांत ठेवायचा म्हटलं तर हात पुढं जाईना. हे बघत होते. शेवटी परत कोनाड्यातच नेऊन ठेवला. हे आदितीला सांगणार नाही. कुणालाच सांगणार नाही.

५ ऑक्टोबर

आज संस्थेत गेले. किटली घेऊन मीच रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा म्हणाले, "ऐका, मी शेवंताबाईवर आळ घेतला तो खोटा होता. गाय माझ्यामुळं आटली."

कुणी वळलं नाही. चोरी म्हणाले होते तेव्हा अख्खी रांग वळली होती. आता एकजण म्हशीच्या फॅटवरून हुज्जत घालत होता, दुसरा फोनवर होता. हंबीरराव म्हणाला, "असू दे ओ काकी, व्हतंय. चला, किटली पुढं घ्या."

मी किटली पुढं घेतली नाही. म्हटलं, "हंबीरराव, माप थांबव." आणि परत म्हणाले, ओरडून. माझा आवाज मोठाच आहे, गावाला माहीत आहे. "शेवंताबाई कांबळे चोर न्हाई! चूक माझी हाय! तिच्या गल्लीचं नाव घेतलं तीबी माझीच चूक!" तेव्हा वळले. कुणीतरी हसलंच. मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल, क्षमावाणीच्या दिवशी वाटलं होतं तसं. काही वाटलं नाही. मग किटली पुढं घेतली.

परत येताना शाळेच्या बोळानं आले. इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं, सरळ रस्त्याला चिखल असला की किटली न सांडता नेता येते ती ह्याच वाटेनं. मी ओसरीवरून बघितलं त्या दिवशी पाऊस होता.

बोळाच्या टोकाला शेवंताबाई दिसली. एसटीतून उतरून येत होती, गडहिंग्लजहून, सोनमला पोहोचवून. काखेत पिशवी होती, चांगली मोठी. पण दुधाची प्लास्टिकची पुडी तिनं पिशवीत ठेवली नव्हती. शहरातल्या दुकानातली, निळ्या अक्षरांची पुडी. ती हातात वर धरून चालली होती, येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. दारोदारी गाई-म्हशी असलेल्या गावात.

मी हाक मारली, "शेवंता, बोलले गं मी. आत्ताच. सगळ्यांसमोर."

"आयकलं, अक्का," ती म्हणाली. "तुमचा आवाज स्टँडपतोर आलता." जरा हसली असं मला वाटलं. मग विचारलं, "मैना काय म्हणतीया?"

"तीन सड देतात."

"चवथा रोज पिळा. आटला म्हणून सोडू नगा," म्हणाली आणि निघाली. पुडी हातात तशीच वर होती.

संध्याकाळी धारेला बसले. तीन सडांचं काढून झालं. मग चौथा धरला.

दोनच थेंब आले.

उद्या परत धरेन.